माणसं नेमकी कशाला भ्याली?

सीमाभागात हिवाळ्यात गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. जानेवारी २०२५ मध्ये अशाच एका संमेलनाच्या परिसंवादाला मी मागच्या रांगेत बसलो होतो. बंगळुरात दोन तान्ह्या बाळांना एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूची लागण झाल्याची बातमी नुकतीच येऊन गेली होती, त्यामुळं विषय आपसूक तिकडं वळला. एक वक्ते म्हणाले, आपला समाज मुळातच भित्रा आणि अडाणी. कोरोनात लोकांनी जे तमाशे केले ते बघता पुढच्या साथीतही हेच होणार. दुसरे उठले आणि म्हणाले, कोरोना म्हणजे निव्वळ थोतांड, लोकांना पद्धतशीर घाबरवलं गेलं आणि त्यावर कुणीतरी पोतंभर पैसे मिळवले. टाळ्या दोघांनाही पडल्या, आणि माझ्या अंदाजानं त्याच हातांच्या.

हा वाद पाच वर्षं असाच चाललाय आणि तो वाईट पद्धतीनं चाललाय. एकाच्या मते भीती हे डोक्यातलं भोक आहे, दुसऱ्याच्या मते त्या भोकातून कुणीतरी ओतलेलं विष. घाबरणाऱ्या माणसाला काही विचारावं, त्याच्याकडं काही कारण असेल, हे दोघांच्याही मनात येत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. २०२०-२१ मध्ये आपल्याकडची माणसं विषाणूला भ्याली हे खरं, पण त्याहून जास्त ती त्याच्या मागोमाग दारात येणाऱ्या गोष्टींना भ्याली. गाडीला, शिक्क्याला, एकट्यानं मरण्याला, मेल्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलं जाण्याला. आणि या भीतीमागचं गणित बरंचसं बरोबर होतं.

माझी आत्ती बेळगावपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या गावात राहते. जुलै २०२० मध्ये तिला ताप आला. तिनं तो तीन दिवस लपवला. सुंठ-मिरीचा काढा घेतला, अंगावर वाकळ ओढून पडून राहिली आणि शेजारीण डोकावली की उठून भांडी घासायला बसायची. मला कळल्यावर मी टेस्टचा विषय काढला. ती म्हणाली, "टेस्ट करशील, खरं मग गाडी दारात उभारंल. गाडी उभारली की झालं की सगळं." मरणाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. ती बोलली ती सायरनबद्दल, दाराला लागणाऱ्या कागदाबद्दल, आणि दूध घालायला येणाऱ्या पोराला त्याची आई उद्यापासून पाठवणार नाही याबद्दल. मग ट्रंकेतून तिनं एक गाठोडं काढून दाखवलं. घडी न मोडलेलं हिरवं लुगडं, खण, हळदीकुंकवाच्या पुड्या. "मेले तर मेले. खरं हे नेसवूनच न्या. त्या प्लास्टिकात घालू नगा." त्याच्या दोन-तीन आठवडे आधी बळ्ळारीचा तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरला होता, पीपीई घातलेली माणसं मृतदेह खड्ड्यात फेकताना. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी नंतर माफी मागितली. आत्तीपर्यंत व्हिडिओ पोहोचला, माफी पोहोचली नाही. आता सांगा, या बाईला अडाणी म्हणायचं?

विरुद्ध बाजूचं म्हणणं मात्र हलकं नाही, ते आधी मान्य करतो. लोकांनी खरोखर घाणेरड्या गोष्टी केल्या. एप्रिल २०२०च्या सुरुवातीला बेळगाव जिल्ह्यातले पहिले तीन रुग्ण सापडले, ते तबलिगी जमातच्या दिल्लीतल्या मरकजशी जोडले गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून भाजीवाल्याचं नाव विचारून भाजी घेणारे सुशिक्षित लोक मी टिळकवाडीत पाहिले. हिरेबागेवाडीत रुग्ण वाढले तेव्हा त्या गावचं नाव शिवीसारखं वापरलं गेलं. चेन्नईत एका डॉक्टरचं दफन जमावानं दगडफेक करून अडवलं. बेळगावात २२ जुलै २०२० रोजी रुग्णाचा मृत्यू झाल्यावर सरकारी रुग्णालयाच्या आवारात रुग्णवाहिका पेटवली गेली. यातलं काहीच माफ करण्यासारखं नाही आणि ‘लोकांची भीती समजून घ्या’ म्हणत मी ते झाकणार नाही. कारण कळलं म्हणून कृत्य धुतलं जात नाही. पण कारण न कळता पुढच्या वेळी ते थांबवायचं तरी कसं?

इतिहासाकडं पाहू. प्लेग आणि मानमोडी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत देशभरात मिळून एक कोटीच्या आसपास माणसं गेली. १९१८ ची इन्फ्लूएंझाची साथ, जिला आपल्याकडं मानमोडी म्हणत, तिनं काही महिन्यांत त्या काळच्या अंदाजानुसारसुद्धा सव्वा कोटीच्या घरात माणसं नेली. नंतरचे अभ्यासक आकडा त्याहून बराच मोठा धरतात. म्हणजे मारण्याच्या वेगात मानमोडीसमोर प्लेग काहीच नाही. मग आपल्या घरांत ‘प्लेगच्या साली’ जन्मलेले आजोबा आहेत आणि ‘मानमोडीच्या साली’ जन्मलेले कुणी का नाही? प्लेगात गावं ओस पडली, ‘उंदीर पडला’ म्हटलं की माणसं रानात खोपटं घालून राहायला गेली, मुंबईत गिरणी कामगारांनी ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. मानमोडीत यांतलं काही झालं नाही. मानमोडीचा कहर थोडक्या काळात येऊन गेला हे एक कारण आहेच. पण दुसरं कारण जास्त वजनाचं आहे. मानमोडीत सरकार घरात शिरलं नाही. प्लेगात शिरलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि त्याच्या जोरावर गोरे सोजीर देवघरापर्यंत गेले, बायकांना रस्त्यावर आणून तपासलं, सामान जाळलं, माणसाला उचलून छावणीत नेलं. लोक गाठीच्या तापाला भ्यायचेच. पण हत्यार उचललं गेलं ते तपासणीच्या विरोधात. तोच कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, पुन्हा बाहेर काढला गेला.

मानसशास्त्रानं हे विसाव्या शतकात वेगळ्या शब्दांत सांगितलं. पॉल स्लोव्हिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य माणूस धोका कसा मोजतो याचा अभ्यास केला, १९८७ चा त्यांचा लेख आजही त्या क्षेत्रात पायाचा मानतात. तज्ज्ञ मृतांचे आकडे मोजतात. सामान्य माणूस दुसऱ्याच दोन गोष्टी मोजतो. हा धोका माझ्या हातात आहे की नाही, मी तो स्वतःहून पत्करलाय की माझ्यावर लादलाय? आणि हा ओळखीचा आहे की नवा, न दिसणारा? आपल्याच जिल्ह्यात बघा. गळीत हंगामात रात्री मागं लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली ओव्हरटेक करताना कुणाची छाती धडधडत नाही. दरवर्षी तिच्याखाली माणसं जातात. पण हँडल आपल्या हातात असतं. क्षयानं देशात दरवर्षी लाखांनी माणसं मरतात, पण क्षय ओळखीचा, शेजारच्या आळीतला. कोरोना मात्र दोन्ही मापांत वरच्या टोकाला बसला. दिसत नाही, कुणाकडून आला कळत नाही, औषध नाही, आणि एकदा झाला की पुढचा प्रत्येक निर्णय दुसरा कुणीतरी घेणार. हे वेडेपण नाही. तज्ज्ञ जो प्रश्न विचारतच नाहीत त्याचं ते उत्तर आहे.

इथं नेहमी एक मुद्दा फेकला जातो: शंभरातले अठ्ठ्याण्णव बरे होत होते, मग एवढं काय? हा मुद्दा पगारी माणसाचा आहे. चौदा दिवस घरी बसून ज्याचा पगार खात्यात जमा होतो त्याच्यासाठी प्रश्न खरंच दोन टक्क्यांचा. उद्यमबागच्या फौंड्रीत रोजावर जाणारा, वडगाव-शहापुरात मागावर बसणारा, यांच्यासाठी पॉझिटिव्ह म्हणजे शंभर टक्के मजुरी बुडणं, शंभर टक्के आळीत बोभाटा. मरण्याची शक्यता दोन टक्के, उद्ध्वस्त होण्याची पूर्ण. हा माणूस टेस्ट टाळतो तेव्हा त्याला आकडेमोड येत नाही असं कोण म्हणेल? रुग्णाच्या घरावर कोरोनाचे कागद सरसकट चिकटवू नयेत असं सर्वोच्च न्यायालयानं ९ डिसेंबर २०२० ला सांगितलं. तोवर पहिली लाट ओसरली होती.

अफवांचंही तसंच. ‘एका पॉझिटिव्हमागं दवाखान्याला दीड लाख मिळतात’, ‘आत नेऊन किडनी काढतात’ ही वाक्यं तेव्हा चहाच्या प्रत्येक गाड्यावर ऐकली. विवेकवादी मित्र यावर हसतात. पण १८९६ च्या मुंबईत हीच गोष्ट वेगळ्या नावानं फिरत होती: रुग्णालयात माणसाला मारून त्याच्या अंगातून मोमियाई नावाचं औषध काढतात. सव्वाशे वर्षांत तंत्रज्ञान कुठल्या कुठं गेलं, अफवेचा सांगाडा तोच राहिला. माणूस धडधाकट आत जातो, नातेवाइकाला आत सोडत नाहीत, चौथ्या दिवशी बांधलेला देह मिळतो किंवा तोही मिळत नाही. मधल्या चार दिवसांची गोष्ट कुणीतरी सांगायलाच लागते. रुग्णालय सांगत नसेल तर गाडा सांगतो. अफवा ही माहितीच्या भुकेनं खाल्लेली माती आहे. माती खाऊ नकोस म्हणून पोराला बडवण्याआधी ताटात काही वाढलंय का बघावं.

आणि सीमाभागात त्या ताटाचीही एक वेगळी कथा आहे. आमच्या गावांत पंचायतीच्या फळ्यावर लागलेल्या सूचना कन्नडमध्ये होत्या. फोन लावला की आधी खोकल्याची उबळ ऐकू यायची, मग न कळणाऱ्या भाषेत उपदेश. आत्तीच्या पिढीला कन्नड बाजारापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. त्यामुळं माणसं दिवसभर मराठी वाहिन्या बघत बसली. तिथं आकडे मुंबई-पुण्याचे, नियम महाराष्ट्राचे, मुख्यमंत्रीही तिथलेच. खानापूरच्या माळावर बसलेला माणूस धारावीच्या रुग्णसंख्येनं घाबरत होता आणि आपल्या तालुक्यात किती खाटा आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. जे वारंवार डोळ्यांसमोर येतं ते जास्त घडतंय असं मनाला वाटतं, हे ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच मांडलं होतं. आमच्या बाबतीत डोळ्यांसमोर येणारं सगळं परराज्यातलं आणि लागू होणारं सगळं इथलं. भीती आणि माहिती यांचे पत्तेच वेगळे. हा भाषेचा हट्ट नव्हे, आरोग्याचा प्रश्न होता. पण आमच्याकडं भाषेचं नाव निघालं की आरोग्य मागं पडतं, दोन्ही बाजूंनी.

आता आमच्याच अंगाला लागणारी गोष्ट. १९५६ पासून आम्ही म्हणत आलो की ही सीमारेषा खोटी, पलीकडचा चंदगड-गडहिंग्लज आणि अलीकडचा बेळगाव-खानापूर हा एकच मुलूख. लेकी तिकडं दिलेल्या, दवाखान्याला ते इकडं येणार. मे २०२० मध्ये कर्नाटक सरकारनं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना बंदी घातली तेव्हा आम्ही संतापलो. आणि त्याच आठवड्यात आमच्या गावच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या, कारण मुंबईला हॉटेलात कामाला असलेली आमचीच पोरं परत येत होती. त्यांना शाळेच्या खोलीत ठेवलं, जेवणाचा डबा पायरीवर ठेवून लोक मागं पळायचे. साठ-पासष्ट वर्षं सीमा पुसायला निघालेल्या आम्ही एका रात्रीत स्वतःची सीमा आखली. ती आखताना कुणाला भाषा आठवली नाही.

हे कुठून येतं? आमच्याकडं मरीआईचा गाडा होता. साथ आली की देवीची पूजा करायची, गाडा सजवायचा आणि वाजतगाजत गावच्या शिवेपलीकडं नेऊन सोडायचा. पुढच्या गावानं तो त्याच्या शिवेपलीकडं ढकलायचा. रोग बरा करायचा नाही, दुसऱ्याच्या हद्दीत घालायचा. अंधश्रद्धा म्हणून यावर भाषणं पुष्कळ होतात. पण २०२१ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर बहात्तर तासांच्या आतलं आरटीपीसीआर दाखवा नाहीतर दूधगंगा ओलांडून परत जा म्हणणारी व्यवस्था त्या गाड्याची नात लागते की नाही? विषाणू तोवर दोन्ही राज्यांत गावागावांत मुरला होता. तरी नाक्यावरच्या बॅरिकेडनं एक काम चोख केलं. रोग ‘तिकडचा’ आहे असा दिलासा त्यानं लोकांना दिला. भेदरलेल्या माणसाला पहिल्यांदा कारण लागतं, कारणाला चेहरा लागतो, आणि तो चेहरा आपला नसावा एवढीच त्याची अट असते. फिलिप स्ट्राँग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं १९९० मध्ये एड्सच्या अनुभवावरून लिहिलं होतं की रोगाच्या साथीबरोबर आणखी तीन साथी येतात: भीतीची, नैतिक दोषारोपाची आणि काहीतरी करून दाखवण्याची. तिसरी सरकारांना सगळ्यांत आधी होते.

दुसऱ्या वक्त्यांचं काय? भीती मुद्दाम पसरवली, असं म्हणणाऱ्यांचं? त्यांच्या म्हणण्यात कण आहे. वाहिन्यांनी लाल पट्ट्या आणि ढणढणतं संगीत लावून जे केलं ते बातमीदारी नव्हती. पण रोग थोतांड असता तर सुरेश अंगडी गेले नसते. केंद्रात राज्यमंत्री असलेले बेळगावचे खासदार २३ सप्टेंबर २०२० ला दिल्लीत एम्समध्ये कोरोनानं गेले आणि त्यांचे अंत्यसंस्कारही तिकडंच झाले. ज्या शहरानं त्यांना चार वेळा निवडून दिलं त्याला शेवटचं दर्शन मिळालं नाही. आत्तीच्या गाठोड्यामागची भीती मंत्र्याच्याही वाट्याला आली होती. मग त्याच रिकाम्या जागेसाठी १७ एप्रिल २०२१ ला पोटनिवडणूक झाली. दुसरी लाट अंगावर येत असताना सभा झाल्या, मिरवणुका निघाल्या, सगळ्याच पक्षांच्या. मास्क हनुवटीवर. मी स्वतः एका कोपरासभेत दीड तास उभा होतो आणि मला भीती वाटली नाही, हे आज आठवलं की अंगावर काटा येतो. जुलै २०२० मध्ये, धोका त्यामानानं कमी असताना, आम्ही दुधाची पिशवी धुऊन घेत होतो. एप्रिल २०२१ मध्ये, धोका कळसाला असताना, खांद्याला खांदा लावून घोषणा देत होतो. जर भीती वरून ओतता येत असती तर तेव्हा का ओतली गेली नाही? माणूस धोका आकड्यावरून ठरवत नाही, शेजारी उभ्या असलेल्याच्या चेहऱ्यावरून ठरवतो. व्यासपीठावरचे निर्धास्त होते, आम्हीही झालो. महिन्याभरानं गोकाक तालुक्यात मरडीमठला हेच झालं. गावावरचं संकट टळावं म्हणून सोडलेला मठाचा घोडा मेला आणि त्याच्या अंत्ययात्रेला शेकडो माणसं लोटली, मग प्रशासनानं गाव सील केलं. देशभरच्या वाहिन्या त्या गावाला हसल्या. कोपरासभेत उभ्या असलेल्या मला हसण्याचा अधिकार नव्हता.

‘पण भीती होती म्हणूनच लोक घरात बसले, ती कामाची चीज आहे’, हा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. मार्च २०२० मध्ये भीतीनं माणसं वाचवली, नाकारण्यात अर्थ नाही. फक्त ती उधारीवर मिळते. आत्तीसारख्यांना पहिल्या लाटेत इतकं घाबरवलं गेलं की त्यांनी आजार लपवायला शिकून घेतलं, आणि दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन उतरेपर्यंत लोक काढ्यावर राहिले ते याच शिकवणीमुळं. मी माझ्या आळीतली तीन घरं मोजू शकतो. धाकानं माणूस नियम पाळतो तो पोलीस दिसेपर्यंत. रोग पोलीस नसताना होतो.

मग काय चालतं? उत्तर इथंच आहे. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत रोज सकाळी शेकडो लोक फिरायला जातात; त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल की एके काळी तिथं वासरांच्या अंगावर देवीची लस तयार व्हायची? ती टोचायला येणाऱ्याला गावं ‘देवी डॉक्टर’ म्हणायची आणि त्याला पाहून आया पोरांना कणगीत लपवायच्या. तरीही देवी गेली, देशातून १९७५ मध्ये शेवटची गेली. १८९८ मध्ये हुबळीत हाफकिनची प्लेगची लस हजारो लोकांनी टोचून घेतली, पुण्यात रँड मारला गेल्याला वर्षच झालं होतं. तीच माणसं, तोच रोग, तेच सरकार. फरक इतकाच की एका ठिकाणी दार फोडलं, दुसऱ्या ठिकाणी बाही वर करायला सांगितलं. पुढं ब्रिटिशांनीही सक्ती सैल केली, लोकांना आपापली रुग्णालयं उभारू दिली. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय १८९७ मध्येच काढलं होतं. आणि जुलै २०२० चं बेळगाव, जिथं रुग्णवाहिका जळली, तेच बेळगाव कोव्हॅक्सिनच्या मानवी चाचण्यांसाठी निवडलेल्या देशातल्या बारा केंद्रांपैकी एक होतं. याच शहरातली माणसं आपणहून गेली आणि कुणावरही सिद्ध न झालेली लस दंडात घेऊन आली. भित्रा समाज?

आत्तीचा ताप तेव्हा चार-पाच दिवसांत उतरला. तो कशाचा होता कधीच कळलं नाही. २०२१ मध्ये लस आली तेव्हा तिनं मला दोनदा फिरवून लावलं. तिसऱ्यांदा खालच्या आळीतली आशाताई, गावची आरोग्य स्वयंसेविका, आली, जिच्या बाळंतपणात आत्तीनंच तिला शेक-शेगडी केली होती. ती पायरीवर बसली, मराठीत तासभर बोलली, त्यातलं लसीबद्दल दहा मिनिटंही नसेल. शेवटी आत्तीनं एकच विचारलं, "ताप आला तर गाडी येणार न्हाई न्हवं?" ताई म्हणाली, "मी येईन की." दुसऱ्या दिवशी दोघी चालत केंद्रावर गेल्या.

गाठोडं अजून ट्रंकेत आहे. बंगळूरच्या बाळांची बातमी टीव्हीवर लागली त्या संध्याकाळी तिनं ते बाहेर काढलं, लुगड्याला कसर लागली नाही ना तेवढं उजेडात धरून बघितलं, दोन डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि परत ठेवून दिलं.